मास्तरांची विजेवरची गाडी

मेतोदी बोझुरोव मास्तरांनी विजेवर चालणारी गाडी घेतली, त्या दिवसापासून त्यांना कुणी "कसे आहात?" असं विचारलं नाही. लोक एकच विचारीत, "एका चार्जात किती जाते?" पाववाला विचारी, दाताचा डॉक्टर तोंडात आरसा घालून विचारी, शाळेतला शिपाई विचारी. मास्तर म्हणत, "दोनशे किलोमीटर." की समोरचा माणूस मान अशी हलवी, जणू घरात कुणी आजारी आहे.

"आणि थंडीत?" हा पुढचा प्रश्न.

थंडीत कमी जाते. हे मास्तरांनाही ठाऊक होतं. सव्वीस वर्षं ते पोरांना भौतिकशास्त्र शिकवत होते. थंडीत बॅटरीचं काय होतं हे त्यांना पाववाल्यानं सांगायची गरज नव्हती. पण डॅन्यूबच्या काठावरच्या आमच्या या शहरात ज्याला जे ठाऊक आहे, तेच त्याला पुन्हा समजावून सांगण्याची फार हौस.

बरं, गाडी वाईट होती असं नाही. तीच तर पंचाईत. सेकंडहँड होती, पण धूर नाही, खडखड नाही, ऑइल बदलायला नको, थंडीत पहिल्या झटक्यात सुरू. सुरू झाली की नाही हेच कळत नसे, इतकी गुणी. बाजाराच्या गल्लीत एक आजीबाई पुढं चालल्या होत्या, त्यांना गाडी मागं आल्याचा पत्ता नाही. मास्तर शंभर पावलं त्यांच्या मागून सरपटत राहिले आणि शेवटी अगदी हलकेच हॉर्न वाजवला. आजीबाई दचकल्या, वळल्या, आणि पिशवीतला कांद्याच्या पातीएवढा नाही, चांगला हातभर लांब लीक काढून त्यांनी बॉनेटवर हाणला. "चोरासारखा मागून येतोस?" असं वर विचारलं. आवाज केला तरी अपराध, नाही केला तरी अपराध. माणसानं काय करावं?

तर मास्तरांची तक्रार गाडीबद्दल नव्हतीच. माणसांबद्दल होती.

मास्तर राहत आठ मजली इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. गाडी खाली, अंगणातल्या लिंडनच्या झाडाखाली. वीज वर, गाडी खाली. मग मास्तरांनी पंचवीस मीटरची जाड वायर आणली, बाल्कनीतून खाली सोडली आणि गाडीला जोडली. पहिल्या दिवशी पत्नीला, झ्लातिनाला, बोलावून दाखवलं. "बघ. झोपताना लावायची, सकाळी भरलेली. पेट्रोल पंप नाही, रांग नाही."

"खालच्या स्तोयांकाबाईंच्या बाल्कनीवरून गेलीय वायर," झ्लातिना म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. मी आपलं सांगितलं."

स्तोयांकाबाई दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दारात. "मास्तर, तुमची वायर माझ्या चादरींना लागते. मी ओल्या चादरी काढताना शॉक खाऊन मरू का?"

"बाई, वायरला रबराचं जाड आवरण असतं."

"असेल. माझ्या चादरींना नाही ना!"

यावर भौतिकशास्त्रात उत्तर नव्हतं. मास्तरांनी वायर जरा डावीकडून सोडली, तर ती त्यांच्या जिरेनियमच्या कुंड्यांवर आली. उजवीकडून सोडली, तर त्यांच्या खिडकीवर वाऱ्यानं टकटक करू लागली आणि विधवा बाईच्या खिडकीवर कोण टकटक करतं याची इमारतीत चर्चा सुरू झाली. तेव्हा मात्र मास्तरांनी ठरवलं, आता सगळं रीतसर. अंगणात, झाडापाशी, चार्जिंगचा एक खांब उभा करायचा. परवानगी काढून. स्वतःच्या खर्चानं.

रीतसर म्हणजे आधी इमारतीची बैठक. ती भरली तळमजल्यावर, टपालपेट्यांपुढं. इमारतीचा कारभार बघायच्या पाराश्केवाबाई; आयुष्यभर बालवाडी चालवलेली. त्या सगळ्यांशी आपण पाच वर्षांचे आहोत असंच समजून बोलत.

"हात वर केल्याशिवाय कुणी बोलायचं नाही. कुंचो, खाली बसा. मेतोदी, सांगा, तुम्हाला काय हवंय?"

मास्तरांनी सांगितलं. खांबाची उंची सांगितली, मीटर आपला वेगळा असेल हे सांगितलं, उद्या कुणी दुसऱ्यानं अशी गाडी घेतली तर त्यालाही उपयोग होईल असंही सांगितलं. सगळे शांतपणे ऐकत होते. मग कुंचोनं हात वर केला. कुंचो म्हणजे तळमजल्यावरचा निवृत्त बस-मेकॅनिक. त्याची डिझेल गाडी सकाळी सुरू झाली की चौथ्या मजल्यापर्यंतचे लोक खिडक्या लावून घेत.

"ही गाडी आल्यापासून लिफ्ट अडकायला लागलीय," कुंचो म्हणाला. "परवा चौथ्या मजल्यावर अडकली."

"लिफ्ट गेली अकरा वर्षं चौथ्या मजल्यावर अडकते!" मास्तर ओरडले.

"अडकते. पण तेव्हा कारण माहीत नव्हतं."

लोकांनी माना डोलावल्या. सातव्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी विचारलं की खांबातून निघणाऱ्या किरणांनी त्यांचे पाळलेले कॅनरी पक्षी गायचे थांबतील का. मास्तर म्हणाले, किरण निघत नाहीत. "तेच विचारतोय," ते गृहस्थ म्हणाले, "निघाले तर?" पाराश्केवाबाईंनी मत घेतलं. मास्तरांच्या बाजूनं बरेच हात वर झाले, कारण बैठक संपवून सगळ्यांना जेवायला जायचं होतं; पण सह्या सगळ्याच घरमालकांच्या लागत, आणि एक घरमालक परदेशात, व्हालेन्सियात संत्री तोडायला गेलेला. ती यायला सात आठवडे लागले. सहीबरोबर त्यानं चिठ्ठी पाठवली होती, "मास्तर, इकडे एकानं घेतलीय अशी गाडी. डिझेलच घ्या."

सह्यांचा कागद घेऊन मास्तर नगरपालिकेत गेले. सात नंबरच्या खिडकीतल्या बाईंनी कागद उलटसुलट पाहिला. "चार्जिंगच्या खांबाचा अर्ज आमच्याकडे नाही."

"मग कशाचा आहे?"

"टपरीचा आहे. रस्त्याकडेची टपरी, एक चौरस मीटरपर्यंत. तुमचा खांब त्यात बसतो."

"पण ती टपरी नाही!"

"साहेब, तुम्हाला खांब हवाय की वाद?"

मास्तरांनी टपरीचा अर्ज भरला. तीन आठवड्यांनी पत्र आलं: आपण टपरीत नेमकं काय विकणार, ते कळवावे. मास्तरांनी कळवलं, काहीही नाही. उत्तर आलं: ज्या टपरीत काही विकलं जात नाही, तिला परवानगी देता येत नाही. मास्तरांचा तोल गेला. त्यांनी चार पानी पत्र लिहिलं. विद्युतप्रवाह म्हणजे काय इथपासून सुरुवात केली, आकृती काढली, आणि शेवटी, 'विकणारच असेन तर मी स्वतःलाच वीज विकेन' असं रागारागानं लिहून टाकलं. ते वाक्य कुणीतरी मनावर घेतलं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात शिक्का मारलेला परवाना घरी आला. टपरी मंजूर. फक्त जागा अंगणात नव्हती, कारण तिथं झाडाची मुळं आहेत. जागा दिली होती स्मशानाच्या फाटकाशी, फुलं आणि मेणबत्त्या विकणाऱ्या बायकांच्या रांगेत, चौथी.

"जाऊन यायला चार किलोमीटर," झ्लातिना म्हणाली. "तिथवर जायला तरी चार्ज पुरेल?"

मास्तरांनी परवाना घडी घालून कपाटात टाकला.

शेवटी हिशेब सुटला तो दुसऱ्या मजल्यावर. स्तोयांकाबाईंचं म्हणणं, मंगळवार आणि शुक्रवार त्या धुणं काढत नाहीत. त्या दोन दिवशी वायर सोडा, बदल्यात शनिवारी बाजारात न्या-आणा. मास्तरांना हे अपमानास्पद वाटलं, पण मान्य केलं. बाई गाडीत बसल्या, दार लावलं, चारी बाजूंना पाहिलं आणि म्हणाल्या, "केवढी शांत आहे हो! आमचे हे गेले तेव्हा अशीच गाडी हवी होती."

आता कुणीही म्हणेल, झालं की सगळं सुरळीत. पण नोव्हेंबरात यावोरचं लग्न होतं.

यावोर मास्तरांचा जुना विद्यार्थी. त्याच्या आईबापाच्या लग्नात मास्तरांचे वडील कूम होते, तेव्हा यावोरच्या लग्नात कूम म्हणून मास्तरांचाच मान. कूम म्हणजे लग्नातला पहिला मानकरी. अंगठ्या त्याच्या खिशात, वधूवरांच्या डोक्यावरचे मुकुट त्याच्या हातानं, आणि तो चर्चच्या दारात येईपर्यंत भटजीबुवासुद्धा घसा खाकरत नाहीत. लग्न डोंगरातल्या गोर्नो ब्रेस्तोवो गावात, शनिवारी दुपारी एकला. अंतर एकशे चौतीस किलोमीटर.

मास्तरांनी गणित मांडलं होतं. शुक्रवारी वायर लावायची, शनिवारी सकाळी गाडी पूर्ण भरलेली, वाटेत नव्वद किलोमीटरवर एक चार्जर, तिथं अर्धा तास. उत्तर बरोबर होतं. पण शुक्रवारी ऊन पडलं. नोव्हेंबरात असं ऊन पडलेलं पाहून स्तोयांकाबाईंचा जीव राहिना. त्यांनी घरातली सगळी ब्लँकेटं धुवायला काढली आणि वायर उपटून व्यवस्थित गुंडाळून मास्तरांच्या पायपुसण्यावर ठेवून दिली. शनिवारी सकाळी बॅटरी अठ्ठ्याहत्तर टक्के.

"बसनं जाऊ," झ्लातिना म्हणाली.

"कूम बसनं येतो?" मास्तर म्हणाले. "तुझ्या ऐकण्यात आहे असं कुठं?"

निघाले. बाहेर शून्याखाली दोन. हीटर लावला तर पल्ल्यातले वीस किलोमीटर एकदम गळाले, म्हणून मास्तरांनी तो बंद केला. झ्लातिना लग्नाच्या पोशाखावर कोट, कोटावर घोंगडी, घोंगडीवर आहेराचं ब्लँकेट असं घेऊन बसली. काचेवर आतून वाफ धरत होती. ती पुसायचं कामही तिच्याचकडं. मागून येणारे ट्रक हॉर्न मारून पुढं जात होते.

"मेतोदी, नव्या सुनेला आपण हे ब्लँकेट देणार आहोत. मी त्यात शिंकतेय."

"बोलू नकोस. बोललं की काच धुरकटते."

नव्वदाव्या किलोमीटरला, दुकानाच्या मागच्या अंगणात, चार्जर होता. त्याच्यापुढं चार्जिंगच्या हिरव्या रेघांत एक जुनी डिझेल गाडी निवांत उभी होती. गाडीचा मालक शेजारच्या खानावळीत आतड्यांचं गरम सूप पीत होता. त्यानं लसणाचं व्हिनेगर घातलं, तिखट घातलं, चमचा ढवळला आणि मास्तरांना म्हणाला, "दोन मिनिटं."

"ती जागा विजेच्या गाड्यांसाठी आहे!"

"दोन मिनिटं म्हटलं ना. तुमची गाडी काय विरघळतेय?"

वीस मिनिटांनी त्यानं गाडी काढली. मास्तरांनी वायर जोडली. चार्जरवर तांबडा दिवा. पडद्यावर सूचना: ॲप उतरवून घ्या. उतरवलं. नाव टाका, टाकलं. कार्ड क्रमांक टाका. कसलं कार्ड? सदस्यत्वाचं कार्ड, जे नोंदणीनंतर दहा कामकाजाच्या दिवसांत पोस्टानं घरी येईल. मास्तरांनी मदतीच्या क्रमांकावर फोन केला. एक गोड आवाज म्हणाला, आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग बासरी वाजू लागली. पावणेअकरा झाले होते.

तेवढ्यात यावोरच्या बापाचा, नेद्याल्कोचा फोन. "कूम, कुठवर आलात?"

"आलोच!" मास्तर म्हणाले.

"फादर ओनुफ्रींना तीन वाजता पलीकडच्या गावात एका मयताला पुरायला जायचंय. दोनच्या पुढं एक मिनिट थांबणार नाहीत म्हणतात. मेलेल्यांना उशीर चालत नाही म्हणे."

अंगठ्या मास्तरांच्या खिशात होत्या. बॅटरी चौदा टक्के होती. आणि समोर चव्वेचाळीस किलोमीटर, शेवटी डोंगराचा चढ.

खानावळवाला दारात उभा राहून हे सगळं बघत होता. त्यानं फ्रिजच्या मागचा सॉकेट दिला, खिडकीतून वायर बाहेर काढून दिली, आणि मास्तरांनी न मागताच सल्लाही दिला. "डिकीत एक छोटा जनरेटर ठेवायचा. पेट्रोलवरचा. माझा मेहुणा विकतो."

"तुमचा मेहुणा," मास्तर दातओठ खात म्हणाले, "थोर माणूस असेल."

फ्रिजच्या सॉकेटनं सव्वा तासात सोळा किलोमीटरचा पल्ला दिला. त्यापेक्षा जास्त थांबायला वेळ नव्हता. मास्तर निघाले. चढ सुरू झाला. टक्के असे उतरू लागले की त्यांच्या वर्गातलं गुणपत्रकसुद्धा कधी इतक्या वेगानं उतरलं नव्हतं. नऊ. सहा. चार. मग समोरच्या पट्टीवर एक पिवळं चित्र उमटलं. कासवाचं.

"हे काय?" झ्लातिनानं विचारलं.

बॅटरी संपत आली की गाडी हळू होते, त्याची ती खूण. सव्वीस वर्षं नोकरी केलेल्या, चारचौघांत मान असलेल्या, सुटाबुटातल्या माणसाला त्याचीच गाडी कासव म्हणून दाखवते, यावर काय बोलणार? बनवणाऱ्यांना दुसरं चित्र मिळालं नाही? गाडी पायी चालणाऱ्याच्या वेगानं आणखी थोडी गेली, आणि गावापासून सहा किलोमीटर अलीकडं, बीचच्या झाडांत, कुरकुर न करता थांबली. जाताना तिनं आवाजसुद्धा केला नाही.

एक वाजायला दहा मिनिटं होती. मास्तर खाली उतरले, रस्त्याच्या कडेला उभे राहिले, आणि कुणाशी भांडायचं हे त्यांना कळेना. कुंचो नव्हता, सात नंबरची खिडकी नव्हती, सूप पिणारा नव्हता. नुसतं जंगल होतं. "झ्लातिना," ते म्हणाले, "पोराचं लग्न माझ्यामुळं मोडलं तर मी पुन्हा शाळेत तोंड दाखवणार नाही."

झ्लातिनानं त्यांच्याकडं पाहिलं, ब्लँकेट त्यांच्या खांद्यावर टाकलं, त्यांच्या खिशातून फोन काढला आणि नेद्याल्कोला स्पष्ट सांगितलं, "आमची गाडी मेलीय. काहीतरी घेऊन या."

नेद्याल्को ट्रॅक्टर घेऊन आला. मागं लाकडं वाहायचा ट्रेलर. त्यावर सकाळी लग्नाची बाकं वाहिली होती, आणि आता बसला होता लग्नाचा बँड: दोन तुताऱ्या, एक क्लॅरिनेट, एक ढोल. कारण कूमला सामोरं जाऊन वाजत आणायचं ही रीत, आणि नेद्याल्को रीत मोडणाऱ्यातला नव्हता.

"दोर बांधू आणि ओढू," तो म्हणाला.

"ओढता येत नाही!" मास्तर म्हणाले. "पुढची चाकं जमिनीवर फिरली तर मोटर जळते. पुस्तकात लिहिलंय."

"ओढतासुद्धा येत नाही?" ढोलवाल्यानं विचारलं. "मग येतं तरी काय?"

फळ्या लावल्या, बँडवाल्यांनी वाद्यं बाजूला ठेवून खांदे लावले आणि गाडी ट्रेलरवर चढवली. झ्लातिना ट्रॅक्टरच्या गरम केबिनमध्ये नेद्याल्कोशेजारी जाऊन बसली. मास्तरांना खाली उतरायला सांगितलं, पण ते ऐकेनात. कुणीतरी ब्रेकवर पाय ठेवून बसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. खरी गोष्ट ही की दारुड्यासारखं ट्रेलरच्या कडेला पाय सोडून बसणं कूमला शोभलं नसतं. ते स्टिअरिंगवर बसले, पट्टा बांधला. बँडवाले गाडीच्या चार कोपऱ्यांना उभे राहिले आणि वाजवू लागले.

अशी वरात गोर्नो ब्रेस्तोवोत शिरली तेव्हा सगळं गाव चर्चपुढच्या चौकात उभं होतं. ट्रेलरवर गाडी, गाडीत ताठ बसलेले मास्तर, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. चौकाशी ट्रॅक्टर डावीकडं वळला तेव्हा मास्तरांनी सवयीनं इंडिकेटर दिला. गर्दीत एक आरोळी उठली. टोप्या उडाल्या. गावकऱ्यांना वाटलं, हे शहरातल्या कूमनं मुद्दाम योजलंय. असा कूम आजवर कुणी आणला नव्हता. यावोर धावत आला, ट्रेलरवर चढला, खिडकीतून आत वाकला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तासभर तो चर्चच्या पायरीवर उभा होता.

"सर," तो म्हणाला, "मला वाटलं तुम्ही येत नाही."

मास्तरांना चार पानी उत्तर द्यायचं होतं. सगळ्यांची नावं घेऊन. पण त्यांनी खिशात हात घालून अंगठ्यांची डबी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. "घे," ते म्हणाले.

फादर ओनुफ्रींनी एवढ्या वेगानं लग्न लावलं की वधूला 'हो' म्हणायलाही धावावं लागलं, पण लागलं. मुकुट मास्तरांच्या हातानं बदलले गेले, आणि दोनला दोन मिनिटं कमी असताना फादर झगा सावरत पुरायला निघून गेले.

पुढं रात्रभर मास्तरांची पाठ थोपटली गेली आणि प्रत्येक थोपटीबरोबर एक सल्ला आला. गाडी नेद्याल्कोच्या गोठ्यातल्या सॉकेटला लावलेली, गोठ्यात वायर जोडली की मांडवातले दिवे मंद होत, आणि दिवे मंद झाले की सगळे एका सुरात "मास्तर!" असं ओरडत. वधूच्या करवलीनं मात्र चार मिनिटांत मास्तरांच्या फोनवर दुसऱ्याच चार्जरचं खातं उघडून दिलं, कार्डाशिवाय चालणारं. यावरही मास्तर चिडले. चार मिनिटांचं काम होतं तर सकाळीच सांगायला काय झालं होतं?

रविवारी दुपारी परत निघाले. आदल्या दिवशीच्या द्राक्षदारूनंतर मास्तरांनी रविवारी थेंबाला स्पर्श केला नव्हता. नुसतं आंबवलेल्या कोबीचं पाणी प्याले होते. बॅटरी एकसष्ट टक्के. उतार लागला. मास्तरांनी पाय उचलला, गाडी आपल्या वजनानं खाली सरकू लागली, आणि चाकांनी फिरवलेली मोटरच बॅटरी भरू लागली. एकसष्ट. बासष्ट. मास्तर सावरून बसले.

"झ्लातिना. बघ."

"रस्ता बघ."

"त्रेसष्ट! अगं, डोंगर वीज देतोय. आपण काल वर चढलो ती स्थितिज ऊर्जा, ती आज परत मिळतेय. हे दुसरी कुठली गाडी करून दाखवेल? सांग मला एक!"

झ्लातिना हातमोजे चढवून डोळे मिटून बसली होती. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मास्तरांचं म्हणणं खरं ठरत होतं, आणि ऐकायला कुणी नव्हतं. डोंगराच्या पायथ्याशी आकडा चौसष्ट झाला. तिथंच रस्त्याकडेला एका पोलिसानं हात केला.

मास्तरांनी काच खाली केली. पोलिसानं कागद मागितले. मास्तरांनी कागद दिले, पण त्यांना राहवेना.

"साहेब, तुम्ही सुशिक्षित दिसता. मी वरून निघालो तेव्हा टाकी एकसष्ट होती. बारा किलोमीटर गाडी चालवली. आता चौसष्ट आहे. जितकी चालवली, तितकी भरत गेली!"

पोलिसानं कागदांवरून डोळे उचलले. मास्तरांचे तांबारलेले डोळे पाहिले, कोटाला चिकटलेली लग्नाची फुलं पाहिली, कोबीचा वास घेतला. मग तो शांतपणे आपल्या गाडीकडं गेला आणि नळी असलेलं यंत्र घेऊन आला.

"फुंका," तो म्हणाला.

मास्तर अपमानानं लाल झाले; पण फुंकले. भौतिकशास्त्राच्या बाजूनं, छाती भरून फुंकले. पोलिसानं यंत्र पाहिलं. शून्य. यंत्र झटकलं, पुन्हा फुंकायला लावलं. पुन्हा शून्य. तो बुचकळ्यात पडून खिडकीत वाकला आणि पलीकडं झ्लातिनाकडं पाहू लागला.

"हा प्यायलेला नाहीये, साहेब," झ्लातिना डोळे न उघडता म्हणाली. "हा असाच आहे."